जपानी हौदातला तवंग

नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेली की कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटमध्ये चहाच्या वेळेलाच दिवेलागण होते. उन्हाळाभर बिस्किटाच्या रंगाचे पडून राहिलेले डोंगर एक-दोन सरींनी ओशाळल्यासारखे हिरवे व्हायला बघतात, समोरच्या घरातल्या बाई आमच्या दाराशी पर्सिमनची पिशवी ठेवून जातात, आणि माझी पाठ दुखू लागते. नेमकी दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही. बायको म्हणते, ही पाठ नाही दुखत, आठवण दुखतेय. आधी त्या पर्सिमनचं काय करायचं ते सांग. पर्सिमन म्हणजे दिसायला केशरी टोमॅटो आणि चवीला गुळात बुडवलेली खारीक. मी ते खात नाही. एका दिवाळीला ते पायाखाली फोडलं गेलं, आणि तेव्हापासून त्याचे-माझे संबंध जरा अवघडलेले आहेत.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मी एकटा होतो, म्हणजे संदीप नावाच्या मुंबईकर रूममेटबरोबर होतो, जे एकटं असण्यापेक्षा थोडं वाईट. दिवसभर कंप्युटरसमोर बसून पाठीची फळी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसत जा. सांगणं सोपं होतं. आमच्या अपार्टमेंटचा टब असा होता, की गुडघे बुडवले तर छाती उघडी आणि छाती बुडवली तर गुडघे दोन बेटांसारखे वर. मी काही दिवस आलटून पालटून बुडलो आणि सर्दी करून घेतली.

मग संदीपने बातमी आणली, की डोंगरापलीकडच्या गावात एक जपानी बाथहाउस आहे. बातमी सांगताना त्याने आवाज उगाचच खाली आणला. "यार, दारावर लिहिलंय, अठराच्या खालच्यांना प्रवेश नाही. आता काय ते तूच समज."

मी समजलो. खोटं कशाला बोलू, जे समजलो त्यानेच पाठ निम्मी बरी झाली. आमच्या महाराष्ट्र मंडळात जपानी बाथहाउस हा विषय पुरुषांच्या घोळक्यात, पोरं लांब गेल्यावर, डोळा मारून निघायचा. कोणीच गेलेलं नसायचं, पण तिथे काय चालतं ते सगळ्यांना तपशीलवार ठाऊक असायचं. मंडळाचा त्या वर्षीचा सेक्रेटरी, आमचा श्रीकांत बोरकर, मात्र असल्या गप्पांत नाक मुरडायचा. सभ्य माणसांनी असल्या जागांची नावंसुद्धा घेऊ नयेत, असं तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला होता. तेव्हा त्याचे वडील शेजारीच पापड खात बसले होते.

तर, एका शनिवारी मी रस्त्याच्या नकाशाची प्रिंट घेऊन निघालो. गाडी मुद्दाम पुढच्या गल्लीत लावली. धुकं इतकं होतं, की हातभर लांबचं दिसत नव्हतं, तरी मी गॉगल लावला होता. त्यामुळे बाथहाउसच्या ऐवजी आधी एका दातांच्या दवाखान्यात शिरलो, आणि तिथल्या रिसेप्शनिस्टने काय हवंय विचारल्यावर इतका गोंधळलो, की दात दाखवून बाहेर आलो.

बाथहाउसच्या काउंटरवर मालक स्वतः बसायचे. मिस्टर ओकादा. सडपातळ म्हातारा, जन्म कॅलिफोर्नियातलाच, बोलणं मोजून-मापून. त्यांनी माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि मला एक टॉवेल दिला. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत हात पुसायला देतात, साधारण तेवढा. मग नियम सांगितले. बूट इथेच काढायचे. आधी बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच हौदात उतरायचं. अंगावर एकही कपडा चालणार नाही. आवाज हळू. आणि लहान मुलांना मनाई कारण पाणी फार कढत असतं, एवढंच. ते शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या गॉगलकडे बघत म्हटलं. असल्या चेहऱ्याने आत येणारा मी पहिला नसावा.

आपल्या पिढीतल्या मराठी पुरुषाला एक विद्या जन्मजात येते: टॉवेलचं टोक दातात धरून त्याच्या आडोशाने संपूर्ण वेषांतर करायचं. नदीकाठी, लग्नघरी, ट्रिपला, कुठेही. पण त्या विद्येला पुरेसा टॉवेल लागतो. त्या चतकोर फडक्याला दातात धरून मी एका पायावर जो काही नाच केला, तो लॉकरपाशी बसलेल्या एका जपानी आजोबांनी फार सहृदयतेने पाहिला. शेवटी चड्डी तशीच ठेवून आत निघालो, तर मागून ओकादांचा शांत आवाज आला. त्यांना फक्त माझं नाव घ्यावं लागलं. मी परत फिरलो आणि आयुष्यात प्रथमच चारचौघांत, उजेडात, आईने जन्म दिला तसा उभा राहिलो.

आत बाई कुठलीच नव्हती. वाफ होती. मोठा टाइल्सचा हौद होता, आणि त्यात काही म्हातारे गळ्यापर्यंत बुडून, डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून, डोळे मिटून बसले होते. माझ्या कल्पनेतल्या जपानचं तिथल्या तिथे विसर्जन झालं.

भिंतीला नळांची रांग, प्रत्येक नळापुढे बुटकं स्टूल आणि एक छोटं घमेलं. मी एका स्टुलावर शक्य तितका आक्रसून बसलो. शेजारी वाफेत कोणीतरी डोक्यावरून घमेलंभर पाणी ओतलं आणि स्वतःशीच म्हणालं, "हर गंगे."

मी मान वळवली. बोरकरकाका. श्रीकांतचे वडील. गणपतीत सोवळं नेसून आरती सांगणारे, नागपूरच्या वीज मंडळातून रिटायर झालेले, मंडळातल्या झाडून सगळ्यांचे काका. साबणाच्या फेसाखेरीज अंगावर काही नाही.

आम्ही दोघांनीही एकमेकांच्या कपाळाच्या वर कुठेतरी बघितलं. नमस्कार करावा तर हात कामात होते. शेवटी काकाच सावरले. "लाजू नको बे, राजा. आणि श्रीकांतला सांगू नको."

त्यांची हकीकत साधी होती. काकू गेल्यावर श्रीकांतने त्यांना इकडे आणलं. घर छान, नात गोड, आणि आजोबांशी बोलायची ती इंग्रजीत, तरी त्यांचं बरं जमायचं. अडचण एकच होती, आंघोळ. टबच्या काठावरून पाय उचलून आत जायचं म्हणजे कुंपण ओलांडून पेरू चोरायला निघाल्यासारखं वाटायचं. त्यांनी टबात बादली ठेवून बघितली, तर पाणी बाहेर उडून कार्पेट भिजलं आणि खालच्या मजल्याच्या छताला डाग पडला. श्रीकांत रागावला नाही. त्याने बादली गराजमध्ये ठेवली आणि शॉवर कसा वापरायचा ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं. शॉवरखाली माणूस भिजतो रे, काका म्हणायचे, आंघोळ होत नाही. मग एकदा बसने भटकताना त्यांना ही जागा सापडली. बसायला पाटाएवढं स्टूल, पुढ्यात पाणी, वर उपसायला घमेलं. घरी सांगितलं, लायब्ररीत जातो.

त्या दिवसापासून काकांना लायब्ररीत न्यायचं काम माझ्याकडे आलं. श्रीकांतला माझं फार कौतुक. शनिवारी सकाळी मी त्यांच्या दाराशी गाडी उभी करायचो, काका काखेत पुस्तक मारून यायचे. पुस्तक माझंच होतं, डेटाबेस डिझाइनचं, दर शनिवारी तेच. परत येताना केस ओले, गाल लाल, चेहऱ्यावर तरतरी. डेटाबेसमध्ये एवढं काय असतं, असा प्रश्न श्रीकांतला कधी पडला नाही. तो कामात असायचा. तो वाईट नव्हता, हे लिहायलाच हवं. बापाची औषधं, इन्शुरन्स, गुडघ्याचे एक्स-रे, सगळं तो बिनचूक बघायचा. फक्त दोघांचं बोलणं सूचनांचं झालं होतं. गॅस बंद केला का? अलार्म लावला का? कार्पेटवर ओले पाय नको.

बाथहाउसात दोन जपानी भाऊ यायचे, दोघेही सत्तरीच्या पुढचे. धाकटा थोरल्याची पाठ चोळायचा, मग थोरला धाकट्याची. काम चोख, आवाज नाही, झालं की घमेलंभर पाणी आणि मानेने आभार. काका ते कित्येक आठवडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. मीही बघत होतो, काका बघताहेत ते. शेवटी एका शनिवारी ते नळाकडे तोंड करून म्हणाले, "बाकी सगळं मी माझं माझं करतो. या पाठीचं काय करणार?"

मी त्यांची पाठ चोळून दिली. पहिल्यांदा इतकी हलक्या हाताने, की ते म्हणाले, अरे, धूळ झटकतो का? मग जोर लावला. खांद्याच्या हाडाजवळ एक मोठा तीळ होता. माझ्या स्वतःच्या बाबांच्या पाठीवर तीळ आहे की नाही, हे मला सांगता येईना. मी बाबांच्या पाया पडलो होतो, स्टेशनवर मिठी मारली होती, फोनवर दर रविवारी बोलत होतो. पण पाठ? आपल्याकडे बापाची पाठ लांबूनच बघायची असते. ती पुढे चालत असते आणि आपण मागे.

आता माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. परवा त्याला विचारलं, पाठीला जरा बाम लावतोस का? तो म्हणाला, डॅड, देअर्स अ मशीन फॉर दॅट. मशीन आहे खरं. वाढदिवसाला त्यानेच दिलंय.

तर ती दिवाळी. अमेरिकेत नरकचतुर्दशी कुठल्याही वारी असो, येते शनिवारीच. आणि बाथहाउस उघडायचं दहाला, म्हणून पहाटेचं अभ्यंगस्नानही दहाला. कल्पना माझी. आईने पार्सलने उटणं आणि दिवाळीचा गोल साबण पाठवला होता. इंडियन ग्रोसरीतून तिळाचं तेल आणलं, मायक्रोवेव्हमध्ये कोमट करून थर्मासमध्ये भरलं. काका इतके खूश, की त्या दिवशी डेटाबेसचं पुस्तक घरीच विसरले.

फक्त कारीट नव्हतं. नरकासुर म्हणून ते कडू फळ डाव्या पायाने चिरडल्याशिवाय काका आंघोळीला बसायला तयार होईनात. बाथहाउसच्या मागच्या अंगणात ओकादांचं पर्सिमनचं झाड होतं, खाली पिकून पडलेली फळं. मी म्हटलं, काका, नरकासुराला काय फरक पडतोय. कमरेला ते चतकोर फडकं धरून आम्ही अंगणात गेलो, काकांनी एक फळ निवडलं, डोळे मिटले आणि टाच हाणली. केशरी चिकट लगदा घोट्यापर्यंत उडाला. वळून बघतो तो काचेच्या दारामागे ओकादा उभे. त्या झाडाची फळं ते दोऱ्याला टांगून वाळवायचे, हे मला नंतर कळलं.

आत येऊन मी काकांना तेल लावलं, स्वतःलाही भरपूर लावलं. थर्मास संपवला. काका स्टुलावर डोळे मिटून, काकूंच्या हातचा अनारसा तोंडात असल्यासारखे बसून राहिले. आणि मी, पुण्याचा माणूस, कुठल्याही गोष्टीत सुधारणा सुचवल्याशिवाय न राहणारा, मनाशी म्हटलं, तेल मुरायला कढत पाणी हवं. आधी हौदात पाच मिनिटं, मग उटणं. नियम ऐकला होता, पण साबण लावून धुवायचा तो मळ. तेल म्हणजे काय मळ आहे?

मी गळ्यापर्यंत उतरलो. एकदम स्वर्ग. डोळे मिटले. उघडले तेव्हा माझ्याभोवती इंद्रधनुष्य होतं. तेलाचा तवंग माझ्या छातीपासून निघून, सावकाश, गोल गोल, सगळ्या हौदावर पसरत चालला होता. पहिले आजोबा उठले. मग दुसरे. मग ते दोघे भाऊ. जाता जाता थोरल्या भावाने पाण्यावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि तज्ज्ञासारखं म्हणाला, "सेसमी."

ओकादा आले. त्यांनी पंप बंद केला, बूच काढलं आणि माझ्या हातात लांब दांड्याचा ब्रश दिला. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. काय झालं ते बघायला काका उठले होते, आणि तेलाच्या पायाने टाइलवर सरळ खाली बसले. लागलं नव्हतं. हात-पाय हलवून दाखवले, ओकादांना हसूनही दाखवलं. पण वयस्क माणूस पडला की घरी कळवायचं, हा त्यांचा नियम होता, आणि काकांनी पहिल्याच दिवशी श्रीकांतचा नंबर लिहून दिला होता. ओकादा फोनकडे गेले तसे काका मला म्हणाले, "त्याला थांबव ना रे. माझा शनिवार जाईल."

मी ब्रश हातात धरून ओकादांच्या मागे धावलो, विनवण्या केल्या. नागव्या माणसाच्या विनवणीला फारसं वजन नसतं. फोन लागला.

श्रीकांत मंडळाच्या हॉलवर फराळाची टेबलं लावत होता. तो आला तो जरीच्या कुर्त्यात, बोटांना चिवड्याची हळद, चेहरा पांढरा. बाप पडला ही एक भीती आणि कुठे पडला ही दुसरी. दारात ओकादांनी त्याला बूट काढायला लावले. मी टॉवेल सावरत पुढे झालो. काहीतरी समजावून सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं, "हॅपी दिवाळी."

त्याने माझ्याकडे जसं बघितलं, त्यामुळे मी आजही मंडळाच्या जेवणात लांबची पंगत धरतो.

बाबांना बाहेर पाठवा, तो म्हणाला. काका बाहेर येईनात. अंगभर तेल, तुझ्या गाडीच्या सीट खराब होतील, असा आतून निरोप. मग मीच आत जातो, श्रीकांत म्हणाला. ओकादा दारात हलले नाहीत. मालकाखेरीज कपडे घालून कोणीच आत जात नाही. सेक्रेटरीने हॉलच्या भाड्यावरून जेवढी हुज्जत घातली असती, तेवढी घालून बघितली. शेवटी भिंतीकडे तोंड करून त्याने त्या फडक्याचं टोक दातात धरलं आणि एका पायावर नाचायला लागला. मी सभ्यपणे हौदात उतरलो, रिकाम्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून टाइल्स घासू लागलो. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

"लागलं का, बाबा?"

"नाही."

कोणीतरी नळ सोडला. श्रीकांत म्हणाला, त्याला सांगायला हवं होतं, असं चोरून यायची काय गरज होती. काका म्हणाले, काय सांगायचं, पाठ खाजते म्हणून? स्टूल सरकल्याचा आवाज. मी ब्रश थांबवला आणि लगेच पुन्हा चालवला, कारण थांबवला तर मी ऐकतोय हे त्यांना कळलं असतं. मग उटण्याचा वास आला, नागरमोथा, कापूरकचरी, आमच्या चिंचवडच्या घरची मोरी. त्याने वाटी उचलली असावी. आणि मग मंडळात माइकशिवाय न बोलणारा श्रीकांत अगदी बारीक आवाजात म्हणाला,

"आई कसं चोळायची?"

"वरून खाली," काका म्हणाले. "आणि सारखी बोलत."

काय बोलावं हे श्रीकांतला चटकन सुचलं नसणार. कारण त्याने सुरुवात चिवड्यापासून केली. यंदा पोहे जरा मऊ पडलेत. मग शंकरपाळे कोणी आणले. मग नात शाळेत काय म्हणाली. मग आई चिवड्यात खोबरं किती घालायची, आणि तो ते कसं वेचून खायचा, आणि ती कशी पळी घेऊन मागे लागायची. काका मधेच हुं म्हणत होते. आवाज हळू ठेवायचा नियम होता. पण ओकादा काठावर उभे राहून माझा सुटलेला कोपरा दाखवत होते. मी तो घासला. डोळ्यांत तेल गेलं होतं.

काकांचा शनिवार गेला नाही. माझा गेला. पुढच्या आठवड्यापासून श्रीकांतच त्यांना घेऊन जायला लागला, उघडपणे, पुस्तकाशिवाय. मंडळात त्याने स्वतःच सांगून टाकलं, की जपानी बाथहाउस ही अत्यंत शिस्तीची जागा आहे. त्यामुळे पुरुषांच्या घोळक्यातला एक चांगला विषय कायमचा संपला, आणि त्याचंही खापर माझ्यावर आलं. काका नागपूरला परत गेले तेही दर हिवाळ्यात इकडे यायचं ठरवूनच, आणि पुढे काही वर्षं आलेही. आता तिथे बाथहाउस नाही, दुसरंच काही आहे. झाड मात्र आहे. मुद्दाम जाऊन बघितलं.

पण त्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, सवयीने, मी एकटाच गेलो होतो. ओकादांनी टॉवेल दिला, नियम पहिल्यापासून सांगितले, आणि तेलाबद्दलचा एक नवा नियम जोडला. श्रीकांत आणि काका माझ्या आधीच येऊन गेले होते, असं त्यांच्याकडूनच कळलं. मी स्टुलावर बसलो. साबण लावला, पुन्हा लावला, कोणाला शंका नको म्हणून तिसऱ्यांदा लावला. हात वरून घातला, खालून घातला. मधली जागा तशीच राहिली.

शेजारी कोणीतरी येऊन बसलं. दोघा भावांतला थोरला, तो सेसमीवाला. माझ्याकडे बघितलं, आणि बोटाने हवेत गोल काढला. वळ.

मी वळलो. त्याने माझी पाठ चोळायला घेतली, करपलेलं पातेलं घासतात तशी, माझ्या अंगात अजून तेल शिल्लक आहे अशी खात्री असल्यासारखी. वरून खाली. आणि सारखा काहीतरी पुटपुटत होता, जपानीत. बहुधा मला शिव्याच देत असावा. मी दर थोड्या वेळाने हुं म्हणत होतो.